पाळ एकाची, सांडवा दुसऱ्याचा

वऱ्हाडच्या इतिहासावरील या धाग्यात आजवर आपण नरनाळ्याच्या तटावर हिंडलो, बाळापूरच्या किल्ल्यात रमलो. आज एका मातीच्या पाळीविषयी लिहावयाचे आहे. ती कोणत्या राजाने बांधलेली नाही, तिच्यावर शिलालेख नाही आणि गॅझेटियरात तिची नोंद असण्याचे कारणही नाही. तरीही इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिच्याकडे पाहिले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

माझे आजोळ पातूर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी आहे. गावाच्या वरच्या अंगाला एका शेतकरी कुटुंबाने तीन पिढ्यांपूर्वी पदरच्या पैशाने नाल्यावर मातीचा बांध घातला. उंची जेमतेम दोन पुरुष. त्या पाण्यावर रब्बीचा गहू-हरभरा निघू लागला, खालच्या विहिरींनाही पाझर फुटला. पुढे वाटण्या झाल्या. पाळ आणि बुडीत जमीन थोरल्या घराच्या सातबाऱ्यावर गेली. जादा पाणी वाहून जाण्यासाठी कडेला खोदलेला सांडवा धाकट्या घराच्या वाट्याला आला. धाकट्या घराने काही वर्षे वाट पाहिली आणि मग सांडवा बुजवून तेथे तूर पेरली. मागच्या दिवाळीत मी त्यांना याबद्दल विचारले, तेव्हा उत्तर मिळाले : ‘पानी त्याचं, अन् सांडवा माह्या वाट्याले?’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पाळीच्या खाली, नाल्याच्या काठावर दहा-बारा घरे आहेत. त्यांना या वाटणीत कुणी विचारले नव्हते.

मातीचे धरण कसे फुटते, हे थोडक्यात सांगतो. दगडी बांधावरून पाणी गेले तर तो बहुधा टिकून राहतो. मातीच्या पाळीवरून गेले तर पाणी आधी उतरत्या बाजूची माती खरवडते, मग माथा खचतो, आणि एकदा घळ पडली की वाहणारे पाणीच ती घळ रुंदावत नेते. म्हणून सांडवा हा धरणाचा प्राण असतो. दुसरा मार्ग अधिक छुपा आहे. आपली काळी कपाशीची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वैशाखात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. तीच माती पाळीच्या पोटात नीट दाबून बसवली आणि वर मुरूम घातला तर पाणी उत्तम अडवते. पण उघडी पडली, भेगाळली, तिच्यात बाभळीची मुळे शिरली किंवा उंदीर-घुशींनी बिळे केली, तर पाणी आतल्या आत वाट शोधते. खालच्या बाजूला गढूळ झरा दिसू लागला की समजावे, माती वाहू लागली आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले, तेव्हा खेकड्यांनी बांध पोखरल्याचे स्पष्टीकरण देण्यात आले आणि त्याची राज्यभर थट्टा झाली. ती थट्टा योग्यच होती. पण खेकडा हास्यास्पद नव्हता. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या असूनही बांध तसाच राहिला, हे लाजिरवाणे होते. ते धरण तर सरकारी होते.

आता इतिहासाकडे वळू. विदर्भाच्या पूर्व टोकाला, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात, सहा हजारांवर जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने त्यांतील अनेक बांधले. ब्रिटिश अमदानीत गावाचा मालगुजार हा तलावाचा मालक ठरला. ही मालकी मोकळी नव्हती. कुणाच्या शेताला किती पाणी, पाळीवर माती कुणी टाकायची, याचे रिवाज गावच्या वाजिब-उल-अर्ज या कागदात नोंदले जात. मालगुजार सज्जन होते असे मी म्हणत नाही. त्यांच्या वेठबिगारीच्या कथा आपण जाणतो. पण पाळ कुणी पाहायची हा प्रश्न त्या गावांत संदिग्ध नव्हता.

वऱ्हाडात हे घडले नाही. १८५३ मध्ये निजामाकडून हा प्रांत कंपनीच्या कारभाराखाली आला आणि १८६० च्या दशकात येथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू झाली. प्रत्येक खातेदाराचे नाते थेट सरकारशी. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला, तरी ही पद्धत बदलली नाही. त्यात पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट काळी जमीन, खारपाणपट्ट्यातील मचूळ विहिरी आणि पावसावर येणारा कापूस. भाताच्या मुलखासारखी तलावांची निकड येथे नव्हती. म्हणून आपल्याकडे जे लहान बांध झाले ते एकेका खातेदाराच्या हिमतीवर झाले, आणि त्यांच्याभोवती रिवाजाचे कुंपण उभे राहिले नाही. माझ्या आजोळच्या सांडव्यावरील तुरीचे मूळ मला या रयतवारीत दिसते. मोजणीने जमिनीचे तुकडे अचूक आखले. पाण्याचा मार्ग मात्र त्या तुकड्यांच्या पलीकडचा होता.

‘मग सरकारने हे सारे बांध ताब्यात घ्यावेत’, असे कुणी लगेच म्हणेल. तोही प्रयोग शेजारीच होऊन गेला आहे. मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ मध्ये ज्या तलावांवर इतरांचेही सिंचनाचे हक्क होते ते शासनाकडे गेले. मालगुजारी जाणे न्याय्यच होते. परंतु तलावांची देखभाल गावाच्या अंगणातून उठून कचेरीत गेली. गाळ साचत राहिला, पाळी खचल्या, आणि पाण्याच्या जुन्या हक्कांवरून गावकरी व खाते यांच्यात वाद सुरू झाले. मालक बदलला की काळजी आपोआप बदली होऊन येत नाही.

कायद्याचा इतिहास तर याहून रंजक आहे. इंग्लंडमध्ये जॉन रायलंड्स नावाच्या गिरणीमालकाने लँकेशायरात पाण्याचा साठा बांधला. १८६० च्या डिसेंबरात ते पाणी जुन्या खाणींतून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरले. १८६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की निसटले तर अपाय करील अशी वस्तू ज्याने आपल्या जमिनीवर आणून साठवली, त्याचा हलगर्जीपणा सिद्ध झाला नाही तरी नुकसान त्याने भरावे. सहाच वर्षांनी, १८७४ मध्ये, तोच प्रश्न भारतातून प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. सध्याच्या आंध्र प्रदेशातील कार्वेटीनगरच्या जमीनदाराचे सिंचनाचे तलाव अतिवृष्टीत फुटले आणि मद्रास रेल्वे कंपनीच्या मार्गाचे नुकसान झाले. येथे निकाल उलट लागला. हे तलाव प्राचीन आहेत, लोकांच्या जगण्यासाठी आवश्यक आहेत, ते राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच आहे. म्हणून हलगर्जीपणा दाखवल्याशिवाय तो जबाबदार नाही.

हा निकाल मला एकाच वेळी शहाणा आणि अपुरा वाटतो. शहाणा, कारण पाणी अडवणाऱ्याला गिरणीमालकाच्या मापाने मोजले असते तर कुणी पाळच बांधली नसती. अपुरा, कारण त्या खटल्यात बुडालेली बाजू रेल्वे कंपनी होती. तिच्याकडे वकील होते. नाल्याकाठच्या दहा-बारा घरांनी हलगर्जीपणा सिद्ध करायचा तो कोणत्या कागदाच्या आधारे? ज्या बांधाची नोंदच नाही, त्याची तपासणी झाली नाही हे तरी कसे दाखवायचे?

आजचा कायदा येथे गप्प आहे. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने धरणाच्या मालकावर, मग ते सरकार असो वा कंपनी, पावसाळ्यापूर्वीची व नंतरची तपासणी आणि आपत्कालीन आराखडा बंधनकारक केला. पण तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीची धरणे काही अटी पूर्ण केल्या तरच त्यात येतात, उदाहरणार्थ माथ्याची लांबी किमान ५०० मीटर किंवा साठा किमान १० लाख घनमीटर. महानचे काटेपूर्णा धरण या चौकटीत बसते. दोन पुरुष उंचीची पाळ बसत नाही. ही मर्यादा घालण्यामागचे व्यावहारिक कारण मला समजते. देशात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत आणि तपासणारे हात थोडे. तरी लहान पाळीखाली झोपलेल्या माणसाला पाणी घनमीटरात मोजून बुडवत नाही. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतील ३० बाय ३० मीटरचे, ३ मीटर खोल तळेदेखील पूर्ण भरले तर सुमारे बावीस लाख लिटर पाणी धरते. उताराच्या माथ्यावर भराव घालून असे तळे बांधले, तर तीही एक खासगी पाळच झाली.

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक खासगी बांधाची नोंद गावपातळीवर व्हावी आणि पाळ व सांडवा ज्या ज्या गटांत पडतात त्या सर्वांच्या सातबाऱ्यावर ती इतर हक्कांच्या रकान्यात उमटावी. म्हणजे वाटणी झाली तरी सांडव्याचे सांडवापण संपणार नाही. ज्याला पाणी मिळते त्याने सांडव्याच्या जमिनीचा मोबदला धाकट्याला द्यावा. मृगापूर्वी एकदा ग्रामपंचायतीने पाळ चालून पाहावी आणि त्या पाहणीला खालच्या घरांतील माणूस सोबत असावा. वाजिब-उल-अर्जातील जेवढे घेण्याजोगे होते, तेवढेच मी मागतो आहे. मालगुजार परत नको.

आजोळी मी हे बोलून पाहिले. थोरल्या घराला मोबदल्याची गोष्ट रुचली नाही. धाकट्या घराने तुरीचे एका हंगामाचे उत्पन्न किती, ते लगेच बोटांवर मोजून दाखवले. नाल्याकाठच्या घरांतील एक आजी मात्र मला बाजूला घेऊन म्हणाल्या, की आभाळ भरून आले की त्या रात्री धाकट्या नातवाला गावात बहिणीकडे झोपायला पाठवतात.