एकोणिसावा कारागीर कोठे जाईल?

आमच्या अणदूरचा खंडोबा वर्षातले काही दिवस नळदुर्गास मुक्कामी जातो आणि ठरल्या वेळी परत येतो. आमच्या शाळेतून शिकून सोलापूर-पुण्याकडे गेलेली कारागिरांची पोरे मात्र परत येत नाहीत. गावात धंदाच नाही, तर यावे कशाला?

सरकार काहीच करीत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. मागास भागात कारखाने निघावेत म्हणून महाराष्ट्रात १९६४ सालापासून सामूहिक प्रोत्साहन योजना चालत आली आहे. पण तिची सवलत मुख्यतः गुंतविलेल्या भांडवलाच्या मापाने मिळते. ज्याची कणगी मोठी, त्याच्याच पदरात दाणे जास्त! कौडगावच्या औद्योगिक वसाहतीत मोठे कारखाने यावेत, हे आम्हांसही हवे आहे. परंतु ज्याचे भांडवल म्हणजे दोन हात, त्याने काय करावे?

त्याच्यासाठी केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी, मराठवाडामुक्तीस ७५ वर्षे पुरी झाली त्याच दिवशी, विश्वकर्मा योजना काढली. हत्यारांसाठी १५,००० रुपये. शिवाय तारणावाचून, ५ टक्के व्याजाने, दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज. योजना चांगली आहे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, शिंपी, न्हावी धरून तीत १८ धंदे आहेत. पण अलुतेदारांत मोजला जाणारा तेली त्या अठरांत नाही, घोंगडी विणणारा सणगरही नाही. करडई आमच्या रानातली, लोकर आमच्या मेंढरांची. धंदा तेवढा यादीबाहेरचा!

कोणी म्हणेल, त्यांना दुसऱ्या योजना आहेत. २००८ साली निघालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा नियम पाहा. आधी प्रकल्प अहवाल, मग बँकेची मंजुरी, आणि अनुदान तीन वर्षे बँकेतच ठेवलेले. घाण्याच्या धन्याने तोवर दम कोठून आणावा? यादीत दोन ओळी वाढविण्यास सरकारला काही गिरणी उभारावी लागत नाही. आमची मागणी एवढीच आहे.

आता दोन शब्द घरच्यांस. विश्वकर्मा योजनेच्या अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे असते. म्हणजे पहिली किल्ली गावातच आहे. ग्रामसभेस जा, किती अर्ज आले, किती पुढे गेले, ते विचारा. तेली व सणगर यांच्यासाठी ठराव मांडा आणि तो वहीत लिहिला गेला की नाही, हे आपल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. न लिहिलेली मागणी सरकारदरबारी कोणाच्याही कानी पडत नाही.