पदवी मिळेल, पुढे काय?

“तुम्हीच हिला काय ते समजावून सांगा,” असे म्हणत परवा आमचे शेजारी मुलीला घेऊन घरी आले. मुलगी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. आता तिला पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता शिकायची आहे. वडील बँकेत. त्यांचा प्रश्न साधा होता, “दोन वर्षं शिकून हिला पगार किती मिळेल?”

मी लगेच उत्तर दिले नाही. त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी एका विद्यापीठात बातमीदारी शिकवायला जात असे. तिथे मराठवाड्यातल्या एका लहान गावचा मुलगा होता. हुशार, लिहिता हात असलेला. त्यानेही हाच प्रश्न विचारला होता. “तू लिहीत राहा, पैसा मागून येतोच,” असे मी ऐटीत सांगून टाकले. तो तालुक्याचा बातमीदार झाला. बातमीमागे मानधन, तेही वेळेवर नाही. वर जाहिराती आणायच्या. चार वर्षांनी वडील आजारी पडले, तेव्हा त्याने हे सारे सोडून खताचे दुकान काढले. भेटला की आजही वाकून नमस्कार करतो. मला मात्र त्या वाक्याची लाज वाटते.

म्हणून या वेळी खरे ते सांगायचे ठरवले. रानडेमध्ये १९६४ पासून पत्रकारिता शिकवली जाते. महाराष्ट्रातल्या कितीतरी वृत्तपत्रांत तिथले विद्यार्थी भेटतात. पण वकिलाला लागते तशी सनद पत्रकाराला लागत नाही. पदवी नसलेलाही संपादक होतो आणि पदवी असलेलाही घरी बसतो. मग पदवी कशाला? बदनामीचा कायदा, न्यायालयाचा अवमान, माहिती अधिकाराचा अर्ज या गोष्टी नोकरीत ठेच लागून शिकण्यापेक्षा वर्गात शिकलेल्या बऱ्या. वर्गात चुकले तर गुण जातात. छापून चुकले तर कुणाची तरी अब्रू जाते.

नोकरीची वाट मात्र बदलली आहे. आमच्या वेळी नवशिक्याला रात्रपाळीत वृत्तसंस्थेच्या इंग्रजी बातम्या मराठीत करायला बसवत. त्यातून भाषाही घडे आणि घरभाडेही निघे. ते भाषांतर आता यंत्र चुटकीसरशी करते. शिडीची खालचीच पायरी डगमगू लागली आहे. २०२०च्या टाळेबंदीत अनेक आवृत्त्या आणि अनेक नोकऱ्या गेल्या. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली वैध ठरवल्या खऱ्या, पण कंत्राटावर सही करणाऱ्या पोराला त्या मागण्याची हिंमत कुठली!

तरी दारे सगळी बंद नाहीत. वृत्तवाहिन्या आहेत, संकेतस्थळे आहेत, जाहिरात आणि जनसंपर्क आहे, सरकारी माहिती खाते आहे. त्यातही ज्याला एखादा विषय मुळापासून कळतो, त्याला विचारणारे असतात. या मुलीचे अर्थशास्त्र हीच तिची शिदोरी. महापालिकेचे अंदाजपत्रक किंवा सहकारी बँकेचा ताळेबंद वाचता येणारा बातमीदार आजही शोधावा लागतो.

“म्हणजे पाठवू की नको?” वडील म्हणाले.

“पाठवा. पण शिक्षणाच्या दोन वर्षांपुढे आणखी दोन वर्षं घरून हात द्यायची तयारी ठेवा. ती नसेल तर आजच सांगा. आणि जिथे पगाराऐवजी नुसतं ओळखपत्र मिळतं, तिथे हिला काम करू देऊ नका.”

मुलगी इतका वेळ गप्प होती. तिने विचारले, “काका, त्या मुलाला एका बातमीचे किती पैसे मिळायचे?”

मला सांगता येईना. मी त्याला ते कधी विचारलेच नव्हते.

“मग त्यांचा फोन नंबर द्या,” ती म्हणाली, “मी विचारते.”

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी निमूटपणे नंबर शोधू लागलो.