साहित्य वाटले, पुढे काय?

शिबिरात तीनचाकी सायकल मिळते, फोटो निघतात, टाळ्या पडतात. काही महिन्यांनी ट्यूब फुटते, ब्रेक सैल होतो आणि सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकते. प्रौढ दिव्यांगांच्या बाबतीत आपली व्यवस्था बहुधा इथेच थांबते. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

मणक्याला इजा होऊन कमरेखालची संवेदना गेलेल्या माणसाला एका जागी बसल्याचा दाब जाणवत नाही. तिथला रक्तपुरवठा अडतो. आधी लालसर डाग दिसतो, मग जखम होते आणि ती हाडापर्यंत जाऊ शकते. उपाय साधे आहेत: मापाची चाकाची खुर्ची, योग्य उशी, बसल्या जागी थोड्या थोड्या वेळाने अंग उचलणे, अंथरुणात साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, रोज आरशात कातडी पाहणे. पण हे कुणीतरी शिकवायला हवे.

दुसरा धोका घरातच असतो. शौचालयाच्या दारातून खुर्ची जात नसेल, तर माणूस पाणीच कमी पितो. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, मुतखडा होतो, पुढे मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणजे दाराची रुंदी हा बांधकामाइतकाच आरोग्याचाही प्रश्न आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २५ राहत्या परिसरात, विशेषतः ग्रामीण भागात, मोफत आरोग्यसेवा (उत्पन्नमर्यादेच्या अधीन) आणि उपचारात प्राधान्य देण्यास सांगते. कंधारहून नांदेड सुमारे पन्नास किलोमीटर. डोंगरातल्या तांड्यावरून खुर्चीसह तिथवर जायचे, तर सोबतीच्या माणसाची मजुरीही बुडते. अशा घराला ‘परिसर’ म्हणजे तालुक्याचे गावच.

म्हणून प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्याचा एक दिवस ठरलेला असावा: त्वचेची व लघवीची तपासणी, भौतिकोपचार, खुर्चीचे माप आणि दुरुस्ती एकाच ठिकाणी. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी लागते. ती किरकोळ वाटपात संपवण्यापेक्षा शौचालयाचे दार रुंद करणे, उतार बांधणे, टायर बदलणे यावर खर्च झाली, तर तिचा उपयोग रोज होईल.

स्वतंत्र जगणे म्हणजे सगळे एकट्याने करणे नव्हे. कधी उठायचे, कुठे जायचे, हे स्वतः ठरवता येणे. ग्रामसभेत पुढच्या वेळी या निधीचा विषय निघेल, तेव्हा तो कसा खर्चायचा हे आधी दिव्यांगांनाच विचारावे.