सगळेच जंतू वाईट नसतात, हे मुलांना कधी शिकवणार?



पहिलीपासून आपण मुलांना सांगतो, हात धुवा, जंतू जातील. ते बरोबरच आहे. पण त्यातून जंतू म्हणजे रोग, एवढंच डोक्यात बसतं. आपल्या लासूर स्टेशन परिसरातली बरीच मुलं शेतकऱ्यांची. त्यांना अर्धीच गोष्ट सांगून कसं चालेल?

अद्रकाचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात वाफ्यात पाणी साचलं की पिथियम, फ्युजॅरियम अशा बुरशी कंदात शिरतात. पानं पिवळी पडतात, कंद सडतो. हीच कंदकूज. महागाचं बेणं, वर्षभराची मेहनत, सगळं मातीत. मग औषधांवर खर्च.

याच मातीत आपले राखणदारही असतात. स्युडोमोनास नावाचे जिवाणू मुळांभोवती जागा धरतात आणि मातीतलं लोह पकडून ठेवतात, त्यामुळे बुरशीची उपासमार होते. बॅसिलस बुरशीला मारक द्रव्यं सोडतात. त्यांना वाढायला महागडं काही लागत नाही. गूळ, साखर कारखान्याची मळी, डाळीची चुरी यावरही ते पोसतात.

जीवामृत आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे : 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सुभाष पाळेकरांनी ते घरोघरी पोचवलं. पण माझं स्पष्ट मत सांगते. जीवामृत मातीसाठी चांगलं असलं, तरी त्यात नेमके कोणते जंतू वाढले हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून रोगासाठी त्याच्यावरच भिस्त ठेवू नये. विरजण चांगलं तर दही चांगलं! परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं 'बायोमिक्स' हे असंच तपासलेलं विरजण आहे. त्यात उपयुक्त जिवाणू आणि बुरशी दोन्ही असतात. टाकाऊ वस्तू जरूर वापरा, पण विरजण खात्रीचं आणि भांडं स्वच्छ हवं. आणि आधी पाण्याचा निचरा, निरोगी बेणं. जिवाणू म्हणजे काही जादू नव्हे.

वर्गात काय करता येईल?

तीन वाट्या घ्या. एकीत कोमट दूध आणि विरजण, दुसरीत नुसतं कोमट दूध, तिसरीत उकळतं दूध आणि विरजण. (गरम दूध शिक्षकांनीच ओतावं.) दुसऱ्या दिवशी मुलांना विचारा, दही नीट कुठं लागलं? का? मग विचारा, जिवाणूंच्या द्रावणात बुरशीनाशक किंवा जंतुनाशक मिसळलं तर काय होईल? उत्तर मुलंच देतील, आणि घरी जाऊन बापालाही सांगतील.

कृषी हा विषय मोठ्या वर्गांवर ढकलू नका. चौथी-पाचवीच्या परिसर अभ्यासात एक तास तरी याला द्याच. पालकहो, पुढच्या वेळी शेतात ड्रम ढवळताना लेकरांना जवळ बोलवा, यात काय वाढतंय ते सांगा. आणि नंतर हात मात्र साबणानं धुवायला लावा!