उजवी बाजू काळी, डावी बाजू पांढरी

मार्च महिना लागला की आम्हाला पाचाडची ओढ लागते. २० मार्चला महाडला चवदार तळ्यावर जायचे, तर आदल्या रात्रीचा मुक्काम आक्काकडे, हा आमचा अनेक वर्षांचा रिवाज. खरे म्हणजे हा उलटा फेरा आहे. मुंबईहून येताना महाड आधी लागते. ते मागे टाकून नाते गावावरून पंचवीसेक किलोमीटर आत रायगडाच्या पायथ्याशी जायचे आणि सकाळी पुन्हा तेवढेच माघारी यायचे. पण बहीण ती बहीण. तिच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ल्याशिवाय आमचा २० मार्च पुरा होत नाही.

यंदा आक्काचे घर भरलेले होते. थोरला भाचा बायकामुलांना घेऊन मुंबईहून आला होता. धाकटा गावातच असतो, गड बघायला येणाऱ्या मंडळींना ऑर्डरप्रमाणे जेवण करून देतो. आक्काची सासूही होती. तिला आम्ही सगळे आजीच म्हणतो. वय नव्वदीच्या घरात, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत.

जेवणे झाली आणि थोरल्या भाच्याच्या मुलाने टीव्हीला पेन ड्राईव्ह लावला. पोरगा सातवीत आहे, आकाशातल्या गोष्टींचे भारी वेड. म्हणाला, "आजोबा, आज अंतराळयानाचं बघायचं." आमच्या मनात भीमगीते ऐकायची होती. पण नातवापुढे कोणाचे चालले आहे?

पडद्यावर नाव उमटले आणि आम्हीच चमकलो. 'स्टार ट्रेक'! अहो, ही अमेरिकन मालिका ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवर लागत असे. आमच्या चाळीत तेव्हा एकाच घरी संच होता, तोही कृष्णधवल. दारात चपलांचा ढीग आणि आत आम्ही पोरेबाळे दाटीवाटीने बसलेले. इंग्रजी एक अक्षर कळत नसे. लांब कानांचा तो मिस्टर स्पॉक तेवढा लक्षात राहिला. आता इतक्या वर्षांनी तोच रंगीत दिसला, आणि भाचा आजीला मराठीत सांगू लागला म्हणून गोष्टही पहिल्यांदाच कळली.

त्या भागाचे नाव 'लेट दॅट बी युवर लास्ट बॅटलफिल्ड', म्हणजे 'हीच तुमची शेवटची रणभूमी ठरो'. माणसांचे एक यान अंतराळातून चालले आहे. वाटेत त्यांना चोरलेल्या छोट्या यानातून पळणारा एक परग्रहावरचा जीव सापडतो. त्याचे नाव लोकाय. त्याचा चेहरा बरोबर मधोमध उभा विभागलेला आहे, अर्धा काळा कुळकुळीत, अर्धा पांढराफटक. थोड्या वेळाने त्याला पकडायला त्याच ग्रहावरचा एक अधिकारी येतो. त्याचे नाव बील. त्याचाही चेहरा तसाच, अर्धा काळा, अर्धा पांढरा. बील म्हणतो, हा गुन्हेगार आहे, ह्याने आमच्या लोकांविरुद्ध बंड केले, मी ५०,००० वर्षे ह्याच्या मागावर आहे. लोकाय म्हणतो, ह्यांनी आम्हाला गुलाम केले, आमची माणसे मारली.

आजी बराच वेळ डोळे बारीक करून बघत होती. मग म्हणाली, "पन ह्यांच्यात फरक काय रं? दोगं बी सारकंच की!"

आम्ही सगळे हसलो. गंमत अशी की यानाच्या कप्तानालाही तोच प्रश्न पडतो. तुम्ही दोघे एकाच जातकुळीचे दिसता, असे तो आणि स्पॉक बीलला सांगतात. बीलला ते ऐकून रागच येतो. एवढी उघड गोष्ट दिसत नाही तुम्हाला? माझी उजवी बाजू काळी आहे. त्याची उजवी बाजू पांढरी आहे. त्याच्या सगळ्या लोकांची उजवी बाजू पांढरी आहे!

भाच्याने हे आजीला सांगितले तेव्हा मात्र कोणी हसले नाही. आजीने फक्त "हं" केले.

पुढे यानात दोघांचा वाद होतो. लोकाय गुलामगिरीची आठवण काढतो. बील म्हणतो, ती तर हजारो वर्षांपूर्वीच संपली, तुम्हाला मुक्त केले ना आम्ही? लोकाय विचारतो, कसली मुक्ती? माणूस म्हणून, बाप म्हणून, बरोबरीने जगायची मोकळीक होती का आम्हाला? त्यावर बीलचे उत्तर तयार असते की बदलाला वेळ लागतो. यानातले तरुण अधिकारी लोकायला म्हणतात, असा छळ आमच्या पृथ्वीवरही होता म्हणे, इतिहासाच्या तासाला शिकलो आम्ही. लोकायला प्रश्न पडतो की ज्यांनी हे फक्त पुस्तकात वाचले, त्यांना ते सोसणे काय असते हे कसे समजावून सांगू?

शेवटी यान त्यांच्या ग्रहाजवळ पोचते. बघतात तर तिथे एकही माणूस जिवंत नाही. दोन्ही बाजूंनी एकमेकांना संपवले आहे. शहरांत प्रेते पडली आहेत, पुरायलाही कोणी उरले नाही. एवढे कळूनही हे दोघे शहाणे होत नाहीत. तुझ्या माणसांनी केले, तुझ्या माणसांनी केले, असे म्हणत एकमेकांमागे धावत त्या मेलेल्या ग्रहावर उतरतात. यानातली माणसे म्हणतात, ह्यांच्याजवळ आता द्वेषच तेवढा उरला. इथे गोष्ट संपते.

हा भाग अमेरिकेत प्रथम दाखवला गेला १० जानेवारी १९६९ ला. त्याच्या नऊ महिने आधी, ४ एप्रिल १९६८ ला, मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला होता. हे किंग १९५९ साली भारतात आले होते. केरळातल्या एका शाळेत त्यांची ओळख 'अमेरिकेतले आपले अस्पृश्य बंधू' अशी करून देण्यात आली. आधी त्यांना धक्का बसला. मग आपल्या कोट्यवधी काळ्या बांधवांची स्थिती डोळ्यांपुढे आली आणि हे खरेच आहे असे त्यांना वाटले. ही हकीकत त्यांनी १९६५ साली एका प्रवचनात स्वतः सांगितली. तेव्हा त्या अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या चेहऱ्यांचे आपल्याशी नाते नाही असे कोणी म्हणू नये.

टीव्ही बंद झाला. धाकटा भाचा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "मामा, त्यांच्या तोंडावर निदान दिसतं तरी. आपल्या तोंडावर काहीच नसतं. म्हणून आडनाव विचारतात."

मग त्याने सांगितले. गेल्या हिवाळ्यात गड बघायला आलेल्या एका मंडळींनी फोनवरून बारा ताटांची ऑर्डर दिली होती. सकाळी त्यांनी जिजामातांची समाधी पाहिली. तक्क्याची विहीर पाहिली. शिवाजी महाराज तिथे टेकून बसत आणि बाजाराला येणाऱ्या-जाणाऱ्यांची विचारपूस करत, ही तिथली सांगितली जाणारी गोष्टही कौतुकाने ऐकली. मग मंडळी जेवायला आली. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याने हसत विचारले, आडनाव काय आपलं? भाच्याने सांगितले. मूळ गाव कुठलं? तेही सांगितले. तेवढ्यात त्यांचे लक्ष भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरीकडे गेले. मग एकदम सगळ्यांना उशीर झाला. चारपाच तरुण पोरे तेवढी जेवली, बाकीच्यांना भूकच नव्हती. पाणी मात्र सगळ्यांनी दुकानातून बाटल्या आणून प्यायले.

"पैसे पूर्ण दिले बाराच्या बारा ताटांचे," भाचा म्हणाला. "तेच जास्त लागलं."

आता बाटलीचे पाणी आजकाल सगळेच पितात. उशीरही कोणाला होऊ शकतो. शपथेवर सांगण्यासारखे काही नाही. पण ज्याच्या घरातून भरलेली ताटे परत गेली त्याला कळायचे ते कळते. आजी म्हणाली, "आमच्या टायमाला वरनं वतायचे पानी. आता बाटली झाली." तिच्या माहेरी विहिरीवर कोणी दया येऊन पाणी वाढेपर्यंत घागर घेऊन लांब उभे राहावे लागे, हे तिने आम्हाला पूर्वी अनेकदा सांगितले आहे. गावाचे नाव आम्ही लिहीत नाही. तशी गावे एक का होती?

आणि मग नातवाने विचारले, "आजोबा, मग मी कुठल्या बाजूचा?"

खरे सांगतो, आम्हाला चटकन उत्तर सुचले नाही. रात्र झाली, झोपा आता, असे म्हणून वेळ मारून नेली. पण अंथरुणावर पडलो तरी डोळा लागेना.

विचार करता करता ध्यानात आले की ती गोष्ट आम्हाला आवडली खरी, पण एका ठिकाणी खटकली. ती लोकायला आणि बीलला एकाच तराजूत घालते. दोघेही द्वेषाने आंधळे, दोघेही सारखेच दोषी. अहो, ज्याने शतकानुशतके पाठीवर बसून प्रवास केला आणि ज्याच्या पाठीवर बसला, त्या दोघांना 'भांडू नका रे' असे एकाच सुरात कसे सांगायचे? यानातल्या माणसांना ते सोपे आहे. ती वरून बघतात. त्यांच्या पाण्याला कोणी हात लावू नका म्हटलेले नाही. अन्यायाची आठवण ठेवणे म्हणजे द्वेष नव्हे.

पण दुसरी गोष्टही तितकीच खरी. लोकायचा शेवट आम्हाला आपल्या पोरांसाठी नको आहे. अन्याय सोसलेला माणूस शेवटी फक्त धावत राहिला, हातात काही उरले नाही. तेव्हा विसरायचे नाही आणि जळूनही जायचे नाही, अशी तिसरी वाट आहे का?

ती वाट पाचाडपासून पंचवीस किलोमीटरवरच आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केले, पण कागदावर. बदलाला वेळ लागतो ना! २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. तेवढ्यात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परतीच्या वाटेवरच्या आपल्या लोकांवर लाठ्या पडल्या, बायकापोरांनाही सोडले नाही. आपल्यातही पलटणीतून आलेले पेन्शनर होते. हात शिवशिवत होते. बाबासाहेबांनी एक शब्द टाकला असता तर महाडात त्या दिवशी काय झाले असते ते सांगायला नको. त्यांनी तो शब्द टाकला नाही.

पुढे १०८ घागरींनी पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. दावा दाखल झाला आणि कोर्टाने मनाई केली. डिसेंबरात हजारो लोक पुन्हा सत्याग्रहाला जमले. मनुस्मृतीचे दहन झाले, पण तळ्याचा सत्याग्रह बाबासाहेबांनी कोर्टाचा मान राखून पुढे ढकलला. खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की तळे फक्त स्पृश्यांचे असल्याची अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. म्हणजे ज्या 'उघड' गोष्टीसाठी लाठ्या चालल्या, तिला कोर्टात पुरावाच निघाला नाही! आणि आपल्या घटनेचे १५ वे कलम उघडून बघा. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, स्नानाचे घाट ह्यांची नावे घेऊन तिथे लिहिले आहे की कोणालाही अडवता येणार नाही.

सकाळी आम्ही महाडला गेलो. तळ्याच्या पायऱ्यांवर मुंगीला वाट नव्हती. नातवाने ओंजळीत पाणी घेतले, तोंडाला लावले आणि आमच्याकडे बघितले. प्रश्न तो विसरला नव्हता. आम्ही त्याला सांगितले, "तू बाजू शोधू नकोस. कोणी आडनाव विचारले तर सरळ सांगायचे, लपवायचे नाही. त्याने तोंड फिरवले तर त्याच्यामागे ५०,००० वर्षे धावायचे नाही. पण त्याने वाट अडवली तर थांबायचेही नाही. कायदा आहे, तक्रार करायची, आणि आपण सगळे तुझ्याबरोबर यायचे."

त्याला किती कळले कोण जाणे. तो म्हणाला, "म्हणजे लोकायला वकील पाहिजे होता." आम्ही म्हटले, "हो रे बाबा, आणि बाबासाहेबही."

वाचकहो, एक गोष्ट मात्र परतीच्या गाडीत आमच्या मनाला टोचत राहिली, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातला बील आपल्याला लगेच दिसतो. पण सोयरीक जुळवताना आपण काय करतो? मुलगा शिकलेला, नोकरीला, निर्व्यसनी, सगळे पसंत असते. मग हळूच कोणीतरी विचारते, कुठल्या तालुक्यातले? पूर्वीचे कोण? आपल्याकडे असे चालते का? दीक्षा घेतलेल्या दोन घरांत हा प्रश्न कशाला? अशा बैठकीत आम्हीही बसलो आहोत आणि गप्पही राहिलो आहोत. आमच्या आजीसारख्या कोणीतरी तिथे बसून विचारायला हवे, "पन ह्यांच्यात फरक काय रं?"

तेव्हा घरात पोरे अंतराळयानाचे काही बघत असली तर ओरडू नका. शेजारी जाऊन बसा आणि संपल्यावर दोन शब्द बोला. कोणता प्रश्न येईल सांगता येत नाही. आमच्यासारखी झोपेची सबब मात्र सांगू नका.

जयभीम.