रेंज फुल्ल, तरी नेट का अडतं?

मिठबाव : गणपतीला चाकरमानी गावात आले की देवगड-मालवण किनारपट्टीवर एकच तक्रार ऐकू येते, "रेंज फुल्ल आसा, पण नेट चलना नाय." मग मागणी होते नव्या टॉवरची. पण रेंज असूनही नेट अडत असेल, तर दुखणं टॉवरच्या पुढच्या वाटेवरही असू शकतं.

मोबाईलवरच्या काड्या फक्त फोन आणि टॉवर यांच्यातला सिग्नल दाखवतात. तिथून पुढे डेटा फायबर केबलने किंवा मायक्रोवेव्ह डिशने कंपनीच्या मुख्य केंद्राकडे जातो. या वाटेवर प्रत्येकाचा डेटा जणू पाकिटात बंद करून पाठवतात. याला 'टनेल' म्हणजे बोगदा म्हणतात. पाकिटावर पत्ता असतो तो टॉवरचा आणि केंद्राचा, ग्राहकाचा नाही.

वाटेतल्या राऊटरपुढे अनेक लाईन असतात. एकाच पत्त्याची पाकिटं तो एकाच लाईनवर सोडतो, कारण क्रम बिघडला तर वेग पडतो. घोळ इथेच होतो. समजा, देवगडातून वाशी मार्केटला आंब्याच्या पेट्या निघाल्यात. बागायतदार शंभर, पण सगळ्या पेट्यांवर चिठ्ठी एकच, 'देवगड ते वाशी'. भरणारा फक्त चिठ्ठी बघून एकच ट्रक खच्चून भरतो आणि बाकीचे तीन रिकामे उभे राहतात.

यावर उपाय आहे. प्रत्येक बोगद्याला स्वतःचा नंबर असतो, त्याला 'टीईआयडी' म्हणतात. हा नंबर वाचून वाटणी करणारे राऊटर आज मिळतात. मग एका बोगद्यातली पाकिटं एकाच लाईनवर क्रमाने जातात आणि वेगवेगळ्या ग्राहकांचा भार सगळ्या लाईनींवर पसरतो. मात्र टॉवरला एकच लहान लाईन असेल तर ती वाढवावीच लागते, आणि टॉवरच गर्दीने भरला असेल तर तिथली क्षमता.

गावाला काय करता येईल? एकाच जागेवरून पहाटे आणि रात्री आठला 'ट्राय'च्या मायस्पीड ॲपवर वेग तपासावा. काड्या तेवढ्याच, पण पहाटे वेग चांगला आणि रात्री पडलेला, असं रोज दिसलं तर दुखणं बहुधा रेंजचं नाही, गर्दीचं. ही गर्दी टॉवरवर की लाईनवर, हे कंपनीलाच दिसतं. म्हणून तक्रार करून डॉकेट नंबर घ्यावा. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ग्रामपंचायतीच्या पत्रातही 'टॉवर द्या' एवढंच न लिहिता, 'कुठली लाईन, किती वाजता भरते?' असं विचारावं.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने हा किनारा झोडपला. होडी समुद्रात न्यायची की नाही, हे आज अनेकजण मोबाईलवर हवामान बघून ठरवतात. दुकानातलं यूपीआय आणि पोरांचे ऑनलाईन फॉर्मही याच लाईनीवर. चुकीच्या दुखण्यावर औषध मागितलं, तर नवा टॉवर येईल आणि नेट तिथेच अडेल.