फायबर घरात यावे, पण कोणासाठी?

पालक सभेत हल्ली अभ्यास, गणवेश आणि फी यांच्या जोडीला आणखी एक विषय निघू लागला आहे : घरात फायबर इंटरनेट घ्यावे की नको? काही पालक म्हणतात, मोबाईल आहे ना, मग महिन्याचा हा वेगळा खर्च कशाला? काही म्हणतात, मुले आधीच पुस्तक हातात धरीत नाहीत, त्यात हे नवे खूळ नको. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. तरीही माझे स्पष्ट मत असे की, ज्या घरात शिकणारी मुले आहेत आणि ज्यांना परवडते त्यांनी ही सोय घ्यावी. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी शाळेने व पंचायतीने वाट काढावी.

फायबर म्हणजे केसासारखी बारीक काचेची तार. तिच्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. या विषयाचा पाया घालणाऱ्यांत पंजाबातील मोगा येथे जन्मलेले डॉ. नरिंदरसिंग कपानी यांचे नाव आदराने घेतले जाते. अशा तारेतून दूरवर संदेश नेता येईल हे चार्ल्स काओ यांनी १९६६ साली मांडले आणि त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ही तार आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादजवळच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) वाळूजच्या कारखान्यातही तयार होते. म्हणजे वस्तू परकी नाही. ती आपल्या उंबऱ्यापर्यंत येण्यास मात्र फार वेळ लागला.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्या देशात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हटले होते. जानेवारी २०२३ मध्ये ही किमान मर्यादा २ एमबीपीएस झाली. अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. दोन वर्षांत व्हायचे ते काम रखडले आणि पहिल्या एक लाख पंचायतींचा टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये पुरा झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार कोटींची सुधारित योजना मंजूर झाली, तिच्यात ग्रामीण भागातील दीड कोटी घरांना जोडण्या देण्याचे उद्दिष्ट आहे. पंचायतीच्या कपाटात पेटी बसली म्हणजे गाव जोडले गेले, असे नव्हे. खरा प्रश्न पंचायतीपासून घरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याचा आहे.

आता मोबाईलचा मुद्दा घेऊ. मोबाईल घरात असतो, पण तो घराचा नसतो. तो कोणाच्या तरी खिशात असतो. वडील शेतात किंवा हुमनाबादला गेले की फोन त्यांच्याबरोबर जातो. मोठा भाऊ बाहेर पडला की दुसरा फोनही गेला. मागे राहते ती दहावीतली मुलगी आणि तिची आई. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा हे सर्वांनी पाहिले. शिक्षक धडे पाठवीत होते, पण ते मुलीच्या हाती पडत रात्री, तेही रोजचा डेटा संपत आल्यावर! घरातल्या फायबरची जोडणी कोणाच्या खिशात जात नाही. ती घरात राहणाऱ्यांची असते. एखादा जुना फोन किंवा साधा संगणक असला तरी मुलीला दुपारी अभ्यास करता येतो. माझ्या मते फायबर घेण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

केरळातील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुलींनी संध्याकाळी ६ ते १० या वेळात मोबाईल वापरू नये असा नियम होता. एका विद्यार्थिनीने तो मानला नाही म्हणून तिला वसतिगृहातून काढले. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घेण्याचा आदेश दिला आणि इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. आपल्या घरात आपणच मुलीचा हा हक्क अडवून धरतो का, याचा विचार प्रत्येक पालकाने करावा.

आपल्या सीमाभागातील मराठी माणसासाठी आणखी एक कारण आहे. १९५६ साली जुन्या बिदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. कन्नड आपण शिकलोच पाहिजे, ती आपल्या राज्याची भाषा आहे. परंतु मराठी पुस्तक हवे तर उदगीर-लातूर गाठावे लागते. आज मराठी विश्वकोश इंटरनेटवर वाचता येतो. बालभारतीची पुस्तके तेथे विनामूल्य मिळतात आणि कर्नाटकाची मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तकेही उतरवून घेता येतात. जी मराठी बसने यायची ती आता तारेने येऊ शकते.

मुले बिघडतील ही भीती खोटी नाही. पण त्याचा उपाय तार तोडणे हा नव्हे, शिस्त लावणे हा आहे. पडदा माजघरात, सर्वांच्या डोळ्यांसमोर असावा. रात्री १० नंतर पेटीचे बटण बंद करावे आणि हा नियम वडीलधाऱ्यांनीही पाळावा! बाप रात्री १२ पर्यंत व्हिडिओ पाहत बसला तर मुलगा कोणाचे ऐकणार?

जोडणी घेण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. सांगितलेल्या भाड्यात १८ टक्के जीएसटी धरला आहे का? ठरावीक वापरानंतर वेग किती उरतो? पेटी विकत की अनामत रकमेवर? तार तुटली तर दुरुस्तीला कोण येणार आणि किती दिवसांत? वीज गेली की पेटीही बंद पडते, म्हणून लहान बॅटरीची सोय ठेवावी. काचेची तार भिंतीच्या कोपऱ्यात काटकोनात वाकवू नये, वेग मंदावतो. रस्ता खोदताना जेसीबीने केबल तुटली तर सारे गाव बसून राहते. खोदण्याआधी सूचना देण्यासाठी मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने एक ॲप सुरू केले आहे, पंचायतीने कंत्राटदाराला ते वापरायला लावावे.

राहिला प्रश्न न परवडणाऱ्यांचा. १९९८ साली वारणा परिसरातील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे काढून शेतकऱ्यांना उसाची माहिती गावातच देण्याचा प्रयोग झाला. तेव्हा घरोघरी संगणक नव्हते, तरी गावाला एक जागा मिळाली. केरळ सरकारने जून २०२३ मध्ये स्वतःचे फायबर जाळे सुरू केले आणि गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे ठरविले. आपल्याला एवढे मोठे काम करायचे नाही. शाळा सुटल्यावर दोन तास एक खोली उघडी ठेवावी, तेथे जोडणी असावी आणि पालकांनी आळीपाळीने देखरेख करावी. ज्यांच्या घरी फायबर आहे त्यांनी शेजारच्या मुलांना परीक्षेच्या दिवसांत ओसरीवर बसू द्यावे. पूर्वी गल्लीत एकाच घरी टेलिफोन असे आणि निरोप सगळ्या गल्लीचे येत. तेव्हा कोणी दार लावून घेत नसे.

पुढील पालक सभेत या खोलीचा विषय पहिला घ्यावा, अशी माझी सर्वांना विनंती आहे. देखरेखीसाठी आठवड्यातून एक संध्याकाळ कोण देऊ शकेल, त्यांनी आपले नाव शाळेत कळवावे.